वरची फरशी

या, असे जवळ सरका. मागच्या भिंतीला टेकून बसलात, तेही पुढं या. ही गोष्ट ओरडून सांगायची नाही. ओरडून सांगितली तर तिच्यातली शांतता विसकटेल, आणि जे काही घडलं ते त्या शांततेतच घडलं. एका घरानं आपली भट्टी उघडली आणि आत जे दिसलं त्यानं सगळ्यांची वाचा बसली, एवढीच गोष्ट आहे. पण देव मोठा खोडकर. तो एक धक्का देतो, माणूस सावरायच्या आत दुसरा देतो, आणि पहिला कशासाठी होता ते दुसऱ्यात कळतं. कान माझ्याकडे द्या, मन त्या घरातल्या थोरल्या मुलापाशी ठेवा. ऐका.

बाबा गेले तेव्हा भट्टी निवत होती. आग विझली होती, दाराच्या विटांच्या फटी ओल्या मातीनं लिंपलेल्या होत्या, आणि घरची माणसं नेहमीप्रमाणं तिच्यापासून लांब लांब वावरत होती, कारण निवत्या भट्टीजवळ घुटमळणाऱ्याला बाबा हाकलून लावायचे. सकाळी ते कारखान्याच्या दाराशी खुर्ची टाकून बसले. हातात चहाचा कप. धाकट्यानं येता-जाता पाहिलं आणि त्याला वाटलं, डुलकी लागली. कप मांडीवर सरळ धरलेला होता, एक थेंब सांडला नव्हता. पुढं घरात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला धाकटा तेच सांगत राहिला, "सांडला नव्हता हो. मला कळणार कसं?"

माणसं आली, बसली, गेली. भट्टी केव्हाच गार झाली होती, पण तिचं नाव कुणी काढेना. थोरला रोज सकाळी कारखाना उघडायचा, चाकावरची धूळ पुसायचा आणि भट्टीकडे पाठ करून माती मळत बसायचा. शेवटी आईच म्हणाली, "उघडा आता. त्यांचं काम आत अडकून पडलंय. मला झोप लागत नाही."

काम म्हणजे बाबांची बरणी. त्यांचे हात अलीकडे थरथरायला लागले होते, आणि "ही शेवटची, मग मी नुसता बसून तुमच्या चुका काढणार" असं सांगून त्यांनी ती काढली होती. गुडघ्यापर्यंत येणारी, भरदार खांद्यांची, त्यांच्या वडिलांच्या बरणीची सख्खी बहीण शोभेल अशी. ती दुकानाच्या दर्शनी काचेत ठेवायची आणि कधीच विकायची नाही, हे सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. ताई तर तेवढ्यासाठी भट्टी लावायच्या आधीच सासरहून आली होती.

आता त्या घराची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. भट्टीत फरश्यांचे मजले असतात आणि त्यांवर कच्ची भांडी मांडतात. आग वर चढते, घुमटाला आपटते आणि मग खाली वळते. म्हणून सगळ्यात वरच्या फरशीला सगळ्यात कडक आच. ती फरशी घरच्या कर्त्याची, तिथं दुसऱ्या कुणाचं वाटीएवढंही काम चढत नाही. बाबांच्या वडिलांनी एका भट्टीला मुकाट्यानं आपलं काम खाली घेतलं आणि मुलाचं वर चढवलं. भाषण नाही, पाठीवर थाप नाही. त्या दिवसापासून बाबा कर्ते. आणि दार बंद करायची वेळ आली की बाकी सगळ्यांनी घरात जेवायला निघून जायचं. कर्ता एकटा मागं थांबतो, मांडणीवर अखेरचा हात फिरवतो आणि विटा लावून दार बंद करतो. त्या वेळी त्याच्याकडे बघायचं नाही. का, असं ताईनं लहानपणी विचारलं होतं, तेव्हा बाबा म्हणाले होते, "आपलं काम आगीच्या हवाली करताना माणसाचं तोंड बघण्यासारखं नसतं, बाळ."

त्या फरशीची वाट थोरल्यानं किती पाहिली होती, ते त्याला आणि त्याच्या देवाला ठाऊक. मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हापासून तो बाबांच्या डाव्या हाताला उभा. लग्न केलं नाही, कुणी विषय काढला की म्हणायचा, "या भट्टीचे नखरे पुरे होतात मला." बरणीचा खांदा बाबांइतका नेमका कुणी काढत असेल तर तो. प्रत्येक भट्टीला त्याला वाटायचं, या खेपेला. आणि प्रत्येक वेळी बाबांचं काम वर आणि त्याचं त्याखाली. त्यानं तोंडानं कधी चकार शब्द काढला नाही. आता बाबा नव्हते, म्हणजे फरशी आपसूक त्याची होती. तरी ती बाबांच्या हातून मिळायला हवी होती, हे त्याला आतून कुरतडत होतं.

आणि त्यात धाकटीच्या वाकड्या.

धाकटी म्हणजे धाकट्याची बायको. घरात आली तेव्हा तिला मातीतलं ओ की ठो माहीत नव्हतं, पण सासऱ्यांच्या शेजारी बसून बसून हात असा वळला की तिच्या बरण्या कुठल्या आणि थोरल्याच्या कुठल्या हे गिऱ्हाइकाला सांगता येईना. मग एकदा ती शहरातल्या एका हॉलमध्ये प्रदर्शन बघायला गेली आणि तिथून जी परतली ती वेगळीच. एका बाईंच्या फुलदाण्या मांडल्या होत्या तिथं. एकही सरळ नाही. कुणी पोटात गुद्दा बसल्यासारखी आत दबलेली, कुणाची मान पाठीकडे वळलेली, कुणाचं तोंड फाटून आता हंबरडा फुटेल असं, आणि झिलई, म्हणजे भांड्याला काचेसारखी चकाकी आणणारा लेप, ओघळून बुडाशी साचलेली. धाकटी कोपऱ्यात बसलेल्या त्या बाईंकडे गेली आणि विचारलं, "एवढं वाकडं उभं कसं राहतं?" बाई संत्रं सोलत होत्या. म्हणाल्या, "उभं कुठं राहतं? ते पडत असतं. पडता पडता मी त्याला भट्टीत घालते."

घरी येऊन धाकटीनं एक सुरेख फुलदाणी काढली आणि चाक थांबायच्या आत तिला सणसणीत चापट मारली. धाकटा जागचा उडाला. "अगं, तिनं काय केलंय तुझं?"

मग तशाच निघत गेल्या. ताई माहेरी आली की म्हणायची, "वहिनी, याला फुलदाणी म्हणायचं की फुलदाणीचा अपघात?" आणि हसणं आवरून, जरा टोकदारपणे, "शिवाय तुझ्या डोक्यातलं थोडंच आहे? त्या बाईची नक्कलच ना?" धाकटी कधी नाकारायची नाही. "त्यांचं बघूनच करते मी, ताई. ते बघितलं नसतं तर मला हे सुचलंच नसतं." एकदा जेवताना हा विषय निघाला, तेव्हा ताटातून मान वर न करता बाबा म्हणाले, "मी जन्मभर माझ्या बापाची बरणी काढली. सुताएवढा फरक केला नाही. तिला कुणी नक्कल म्हटलं नाही, घराणं म्हटलं."  थोरल्याला ते वाक्य तेव्हापासून सलत होतं.

म्हणून भट्टी उघडायच्या दिवशी न्याहारीच्या टेबलाशीच त्यानं तिला सांगून टाकलं. "पुढल्या भट्टीपासून वाकड्या बंद. सरळ काम करायचं असेल तर चाकावर बस. नाहीतर याच्याबरोबर पॅकिंगला."

"बाबा म्हणाले होते..."

"बाबा नाहीत आता."

धाकट्यानं बायकोकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, आणि पावाला लोणी लावत राहिला.

मग सगळे भट्टीपुढं जमले. थोरल्यानं दारावरची वाळलेली माती खरवडली आणि वरून एकेक वीट काढून धाकट्याच्या हातात द्यायला सुरुवात केली.

"हळू ठेव."

"विटा आहेत दादा. अंडी नाहीत."

 आई स्टुलावर बसली होती, हात मांडीवर एकात एक गुंतवून, ओठ नुसते हलताहेत. ताई तिच्या मागं. धाकटी सगळ्यांच्या बाजूला, एप्रनचा कोपरा मुठीत घट्ट धरून. डोक्याएवढं भगदाड पडल्यावर थोरल्यानं टॉर्च आत घातला. त्याचा हात तसाच राहिला.

"काय झालं?" ताईनं विचारलं.

 त्यानं पुढच्या विटा भराभर ओढल्या, एक पायावर पडली तरी त्याला कळलं नाही. दार अर्ध्यावर आलं आणि बाहेरचा उजेड आत गेला, तेव्हा सगळ्यांनाच दिसलं.

वरच्या फरशीवर धाकटीच्या फुलदाण्या होत्या.

दोन उभ्या होत्या. तिसरी, सगळ्यात मोठी, उभी नव्हती. कडक आचेनं तिची मूळचीच वाकडी मान आणखी सैल पडली होती, ती फरशीच्या कडेवरून पुढं लवली होती, आणि खालच्या फरशीवर असलेल्या बाबांच्या बरणीच्या खांद्यावर तिनं आपलं फाटकं तोंड टेकवलं होतं. तिची निळी-काळी झिलई वितळून बरणीच्या अंगावरून धारांनी उतरली होती आणि तिथंच काचेसारखी गोठली होती. दोन भांडी एक झाली होती.

 धाकट्याच्या हातात वीट होती, ती खाली ठेवायचं त्याला सुचेना. ताईचा हात तोंडावर गेलेला. धाकटी तर भिंतीसारखी पांढरी पडली होती. आधी बोलली तीच, आणि इतक्या हळू की स्वतःशी बोलल्यासारखी. "मी तळाला ठेवल्या होत्या."

थोरला वळला. "काय म्हणालीस?"

"तळाला, दादा. तुम्हीच सांगितलंत ना, तुझ्या वाकड्या तळाला ठेव म्हणून? वाळूच्या तबकांत ठेवल्या होत्या. झिलई ओघळली तर वाळूत पडावी म्हणून."

"मग चालत वर गेल्या?"

"मला माहीत नाही."

"वहिनी," ताई म्हणाली. तिचा आवाज थंडगार होता. "दार बाबांनी बंद केलं. त्या वेळी आत फक्त बाबा होते. म्हणजे तुला असं म्हणायचंय का, की हे बाबांनी केलं? गेलेल्या माणसाच्या डोक्यावर ढकलतेस?"

"मी कुणावर ढकलत नाही, ताई. मी तळाला ठेवल्या होत्या एवढंच..."

"त्या दिवशी बाबांनी जेवायला पाठवलं तेव्हा तू सगळ्यात शेवटी आली होतीस. मला आठवतंय. मी पानं वाढत होते. तू हात धुवायला म्हणून गेलीस आणि किती वेळानं आलीस."

"हातच धुवत होते."

"बाबांना डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. तू वर चढवल्यास, त्यांनी तसंच दार लावलं." ताईचे डोळे भरून आले. "तुला ती फरशी हवी होती तर तोंडानं मागायचीस. दादानं आयुष्य घालवलं या भट्टीपुढं, आणि त्यानं कधी बोट लावलं नाही तिला."

धाकटीनं नवऱ्याकडे पाहिलं. घरात नवी आलेली असताना बघायची तसं. धाकट्यानं एकदाची वीट खाली ठेवली, हात पँटला पुसले आणि म्हणाला, "मला काय माहीत? मी टेबल लावत होतो." एवढं बोलून तो परत विटांच्या ढिगाकडे बघायला लागला. तिनं मान खाली घातली. तिच्यासाठी शब्द टाकणारे एकटे बाबाच होते, आणि ते भिंतीवरच्या तसबिरीत जाऊन बसले होते.

 थोरल्याला जे वाटत होतं तो राग आहे की आणखी काही, हेही त्याला कळेना. आई काही म्हणेल म्हणून त्यानं तिच्याकडे पाहिलं. आई त्या दोन भांड्यांकडे एकटक बघत होती.

"बाहेर काढा," ती म्हणाली.

दोघा भावांनी फरशीवर अडकलेलं बूड हलकेच मोकळं केलं आणि ते सगळं एकत्रच उचलून आणलं, जखमी माणसाला धरून आणावं तसं. मधल्या मोठ्या टेबलावर घोंगडी टाकून तिच्यावर ठेवलं. उजेडात ते आणखी भयंकर दिसलं. आणि खरं सांगायचं तर, बघवत नव्हतं तरी नजर हटत नव्हती. वाकलेल्या त्या मानेत काहीतरी असं होतं, की आईनं पदर डोळ्यांना लावला.

ताईनंच पहिल्यांदा सावरून विचार केला. "दादा, बरणी वाचेल का?"

थोरल्यानं सांध्यावरून बोट फिरवलं. "वाचेल. फुलदाणी फोडावी लागेल. खांद्याला डाग राहील, पण बरणी उभी राहील."

"मग फोड."

"धाकटे?" आईनं विचारलं.

धाकटीनं मान हलवली. "फोडा. बरणी त्यांची शेवटची आहे. मला दुसरी काढता येईल." मग थांबून म्हणाली, "मी घरात जाते. मला बघवणार नाही." पण गेली नाही.

थोरल्यानं भिंतीवरची हातोडी घेतली, बारीक छिन्नी घेतली. घाव कुठं घातला की फुलदाणी फुटेल आणि बरणीला तडा जाणार नाही, हे त्याला ठाऊक होतं; बुडापासून सुरुवात करायची, म्हणजे वजन उतरतं आणि मान आपोआप सुटते. सगळ्यांकडे पाठ करून तो टेबलावर वाकला, दोन्ही भांडी अलगद कुशीवर कलती केली आणि फुलदाणीचं बूड आपल्याकडे वळवलं.

बुडाला टेकू चिकटलेले होते. भांडं फरशीला चिकटू नये म्हणून खाली मातीच्या गोळ्या दाबून लावतात, त्यांना त्या कारखान्यात टेकू म्हणत. भांड्याबरोबर तेही भाजून निघतात, आणि ज्यानं ते दाबले त्याची बोटं त्यांच्यावर राहतात. धाकटी टेकू चिमटीनं दाबते, तिच्या टेकूंवर नखांच्या कोरी उठतात. ह्यांच्यावर कोरी नव्हत्या. दोन खोल खळगे होते, आणि बाजूला एक सरळ रेघ.

बाबांच्या उजव्या हाताची तर्जनी तरुणपणी फरशीखाली सापडली होती, तेव्हापासून ती वाकत नसे. ते गोळी अंगठ्यानं आणि मधल्या बोटानं दाबायचे आणि ती ताठ तर्जनी बाजूला टेकलेली राहायची. दोन खळगे, एक रेघ. मिसरूड फुटल्यापासून थोरल्यानं बाबांच्या बरण्यांच्या बुडाचे असले टेकू घासून काढले होते. तो आंधळा झाला असता तरी बोटानं ओळखले असते.

 छिन्नी बुडाला लावलेली, हातोडी वर उचललेली, आणि आत सगळं ढासळत चाललेलं. त्याला आठवलं, त्या दिवशी बाबा जेवायला फार उशिरा आले होते. वरण गार झालं म्हणून आई कुरकुरली होती. बाबांच्या बाहीला कोपरापर्यंत वाळू लागलेली होती. तो म्हणालाही होता, "बाबा, बाहीला वाळू लागलीय." आणि बाबा त्याच्याकडे जरा वेळ बघत राहिले होते, नेहमीपेक्षा जरा जास्तच, आणि म्हणाले होते, "असू दे रे."

तळाच्या तबकांतली वाळू. थरथरत्या हातांनी, एकट्यानं, एकेक फुलदाणी उचलून वर नेली असेल. नवे टेकू लावले असतील. आणि आपली बरणी खाली घेतली असेल.

वर तिला चढवलं. मला नाही.

हे वाक्य त्याच्या मनात उमटलं तेव्हा त्याला बाबा गेल्याची बातमी पुन्हा नव्यानं आल्यासारखं झालं. पहिल्या वेळेला तो रडला नव्हता. आताही रडू येईना.

आणि बघा, माणसाची परीक्षा देव गर्दीत घेत नाही. सगळे तिथंच होते, पण सगळ्यांना दिसत होती ती त्याची पाठ. बूड फक्त त्याच्यासमोर होतं. एक घाव घातला की टेकूंचा भुगा होणार, तो झाडून टाकायचा. मग वरची फरशी त्याची, शेवटची वीट त्याची, आणि धाकटी पॅकिंगला, आपणहून, मान खाली घालून. कुणी विचारणार नव्हतं. घावाची परवानगी तर तिनंच दिली होती.

"दादा?" ताई म्हणाली. "हात दुखतोय का? धाकट्याला देतोस?"

थोरल्यानं हातोडी टेबलावर ठेवली.

"हे टेकू बाबांचे आहेत," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"ये इकडे. बघ."

ताई आली, वाकली, आणि वाकलेलीच राहिली. धाकटा आला. आईला दोघांनी धरून आणलं. आईनं डोळ्यांनी बघितलंच नाही. तिनं आपला अंगठा एका खळग्यात घातला, मधलं बोट दुसऱ्यात घातलं, आणि तर्जनी त्या रेघेवर सरळ धरायचा प्रयत्न केला. तिची तर्जनी वाकत होती, म्हणून नीट बसेना. ती तशीच उभी राहिली. म्हणाली, "हेच."

 सगळ्यात जास्त हादरली होती ती धाकटी. ती टेबलापाशी आली नाही. होती तिथंच जमिनीवर बसली, गुडघ्यांत तोंड घातलं. धाकटा तिच्याजवळ जाऊन उकिडवा बसला.  "मी मघाशी बोलायला हवं होतं," तो म्हणाला.

"हो," ती गुडघ्यांतूनच म्हणाली.

"आता बोलू?"

"नको आता."

ताई ओठ चावत होती. काही वेळानं ती तिच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसली. माफी मागणं तिला कधी जमलं नव्हतं, तिनं नुसता धाकटीच्या एप्रनला लागलेला मातीचा पापुद्रा नखानं काढून टाकला. मग तिला शंका आली. "पण त्यांना माहीत नव्हतं का हे असं वितळेल म्हणून?"

"मी सांगितलं होतं त्यांना," धाकटी म्हणाली. "मी झिलई तळाच्या मंद आचेची कालवली होती. मला वरची जागा कधी मिळणार आहे असं वाटलंच नव्हतं."

"म्हणजे माहीत असून स्वतःची बरणी खाली ठेवली?" धाकटा म्हणाला. "की विसरले?"

सगळ्यांनी थोरल्याकडे पाहिलं. भट्टीच्या बाबतीत बाबांच्या मनातलं सांगायचं तर त्यानंच सांगावं. तो म्हणाला, "त्यांना माहीत नाही असं भट्टीत काही नव्हतं." मग म्हणाला, "पण हात थकले होते त्यांचे. तेव्हा मला सांगता येत नाही."

"नका शोधू," आई म्हणाली. "विचारायची सोय त्यांनी ठेवली नाही. तुम्ही पोरांनी आता त्यात नाक खुपसू नये. आणि ते दोन्ही फोडायचं नाही. आहे तसं काचेत ठेवा."

"लोक काय म्हणतील?" ताईनं विचारलं, पण सवयीनं.

"म्हणू देत, फुलदाणीचा अपघात झाला."

ताईला हसू फुटलं आणि त्याच हसण्यात ती रडायला लागली. तिला बघून धाकटाही. बाबा गेल्यापासून त्या घरात पहिल्यांदा सगळे मोकळेपणानं रडले. थोरला सोडून. तो भट्टीच्या दारात उभा होता. आत टॉर्च मारून वरच्या फरशीकडे बघत होता. तिच्यावर झिलईचे निळे डाग पडले होते.

धाकटी उठून त्याच्या मागं आली. "दादा, फरशी तुमची आहे. मला नको. बाबा थकले होते, त्यांना काय वाटलं असेल कुणास ठाऊक. तुम्ही वर ठेवा. मी तळाला बरी आहे."

 थोरल्याच्या मनात काय चाललं होतं ते सांगता येईल, पण त्याचं त्याच्यापाशी राहू द्या. मग त्यानं कोपऱ्यातला घासायचा दगड उचलला आणि तिच्या हातात दिला.

"ती फरशी काढून घे. डाग घासून टाक. पुढल्या भट्टीला तुझं काम वर."

"दादा..."

"आणि दार तू बंद करायचं. आम्ही जेवायला जाऊ."

"मला जमणार नाही."

"नाहीच जमणार. बाबांनाही पहिल्यांदा जमलं नव्हतं. आईला विचार."

"दोनदा पाडून परत लावलं होतं," आई नाक पुसत म्हणाली. "आणि त्या दिवशीही वरण गारच झालं होतं."

धाकटी दगड हातात घेऊन उभी राहिली. वर बघायची तिची हिंमत होईना. थोरला माती मळायला आपल्या जागी गेला, बाह्या सरसावल्या, पहिला गोळा थापला. आणि मान वर न करता म्हणाला, "झिलई मात्र या खेपेला वरच्या आचेची कालव. खाली माझी बरणी असणार आहे."

झाली गोष्ट. आता उठाल, घरी जाल. त्या दुकानावरून कधी गेलात तर काचेत ती दोन भांडी दिसतील, आणि लोक काचेपुढं थांबून धाकटीचं कौतुक करताना दिसतील. ती लगेच सांगते, त्या हॉलमधल्या बाईंचं बघून मी शिकले, म्हणजे त्या बाईंनाही कुणी ना कुणी आठवतंच. बाबांचा विसर पडायची तर सोयच नाही. त्यांची बरणी तिथं खांदा देऊन उभी आहे. म्हणून तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. आज देवापुढं हात जोडाल, आपल्या माणसांची नावं मनात घ्याल, तेव्हा शेवटी क्षणभर त्या थोरल्यालाही घ्या. हातात हातोडी होती, कुणी बघत नव्हतं, आणि तरी तो खरं बोलला. त्याची आठवण ठेवा.